बोट येत नाही

निळ्या रबरी हातमोज्यांची मला शिसारी येते. दाताच्या डॉक्टरनं घातले तरी येते, मिठाईच्या दुकानात पेढे उचलणाऱ्या माणसानं घातले तरी येते. नवरा म्हणतो, हा तुझा नवीन चाळा. नवीनच आहे. लोक परदेशातून चॉकलेटं आणतात, मी हे आणलं.

माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा युरोपात असतात. देशाचं नाव घेत नाही. तिथं चांगली माणसंही भेटली, त्यांना उगाच कशाला लाज आणा. तर बहिणीला मुलगी झाली आणि बारशाला आईला न्यायचं ठरलं. आई लोधिवलीजवळच्या आमच्या गावी भावाकडे राहते. तिनं आयुष्यात खोपोलीचा बाजार, कर्जतला माझं घर, पनवेलचा दवाखाना आणि एकदा तुळजापूर, एवढाच प्रवास केलेला. एकटी ती जाणं शक्यच नव्हतं, म्हणून सोबतीला मी. विमानाचं स्वस्तातलं तिकीट शेजारच्या देशापर्यंतचं मिळालं. तिथून पुढे चार तासांची आगगाडी, मधे सरहद्द, आणि पलीकडे बहिणीचं गाव. सकाळी गाडीत बसायचं, साडेअकराला पोचायचं, दुपारी एकला बारसं. बाळाला आजीनं आपल्या हातानं, आपण शिवलेल्या गोधडीवर पाळण्यात ठेवायचं, एवढी एकच इच्छा आईनं बोलून दाखवली होती. गोधडी तिनं बहिणीच्याच लहानपणच्या परकरांची शिवली होती. ती पिशवीत ठेवायलाही तयार नव्हती. विमानात सगळा वेळ मांडीवर.

सरहद्दीबद्दल मी जावयाला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, विचारलं होतं. तो म्हणाला, या देशांमधे तशी तपासणी नसते. मग म्हणाला, अलीकडे पुन्हा सुरू केलीय गाड्यांमधून, पण सगळ्यांची नसते, काळजी करू नका. ‘सगळ्यांची नसते’ याचा अर्थ मला गाडीत बसल्यावर कळला.

गाडी छान होती. उगाच खोटं कशाला बोलू. स्वच्छ काचा, मधे टेबल, कुणी मोठ्यानं बोलत नाही. आई आधी पाय खाली सोडून बसली, मग कुणाचं लक्ष नाही असं बघून मांडी घातली. विमानात तिला मिश्री लावायला मिळाली नव्हती, त्यामुळे डोकं धरलं होतं. गाडी सुटल्यावर ती संडासात गेली आणि दहा मिनिटांनी सुखानं परत आली. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, ती बोटानं दाताला घासायची. आमच्याकडच्या तिच्या वयाच्या निम्म्या बायकांना तिच्याशिवाय सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नाही. मी म्हटलं, "बोट नीट धुतलंस का?" तर म्हणाली, "धुतलं की गं." बोट तिनं दाखवलं. नखाच्या कडेला काळं होतंच. ते कायमचंच आहे.

दोनेक तासांनी गाडी एका स्टेशनात थांबली आणि थांबूनच राहिली. आई खिडकीला नाक लावून बघत होती. तिला वाटलं होतं सरहद्द म्हणजे घाट असेल, बोगदा असेल, निदान तारेचं कुंपण असेल. तसं काही नव्हतं. समोर एक बाकडं, फुलांच्या कुंड्या आणि कॉफीचं दुकान.

"मागनं इंजान लावत असतील," आई म्हणाली. कर्जतला पुण्याच्या गाड्या थांबतात ते घाट चढायला मागून इंजिन जोडण्यासाठी. आमच्या भागातल्या माणसाला गाडी उगाच थांबली की तेच कारण सुचतं. मी म्हटलं, "असेल."

इंजिन नव्हतं, पोलीस होते. दोघे. एक तरुण, दाढी कोरलेला, हातात मोबाइलपेक्षा जरा मोठं यंत्र. दुसरा जाडसर, वयस्कर, नुसताच मागे चालणारा. डब्याच्या त्या टोकापासून ते येऊ लागले आणि मी पासपोर्ट काढायला पर्समधे हात घातला. वर बघते तर ते निम्मा डबा ओलांडून आले होते. पेपर वाचणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं नाही. कॉलेजच्या चार पोरींना विचारलं नाही. एका जोडप्याजवळ मात्र थांबले, ते त्यांच्या कुत्र्याचं डोकं खाजवायला. मग सरळ आमच्यापाशी आले. आमच्या मागच्या बाकावर एक काळा तरुण बसला होता. त्यानं पोलीस डब्यात शिरायच्या आधीच पासपोर्ट टेबलावर काढून ठेवला होता. त्याला सवय असावी.

कुत्र्याचं डोकं खाजवलं याचा मला तेव्हा राग आला नाही. नंतर आला, आणि अजून गेलेला नाही.

माझा पासपोर्ट बघितला, व्हिसा बघितला. यंत्रावर बोट ठेवायला सांगितलं. माझं बोट पहिल्या फटक्यात आलं, यंत्रात हिरवा दिवा लागला. येणारच. दिवसभर की-बोर्ड बडवणाऱ्या बाईचं बोट ते.

मग आई. त्यानं उजव्या हाताचं पहिलं बोट खुणेनं मागितलं. आईनं ठेवलं. लाल दिवा.

"अगेन," तो म्हणाला.

आईनं पुन्हा ठेवलं. लाल. "अगेन." पुन्हा लाल. त्यानं तिचं बोट जवळून बघितलं, नखाकडेचं काळं बघितलं आणि त्याच्या नाकपुड्या जराशा आवळल्या. अगदी जराशाच. ज्याला माहीत नाही त्याला दिसलंही नसतं. मला दिसलं. का दिसलं ते पुढे सांगते.

आईच्या बोटांवर रेषा उरलेल्याच नाहीत. चाळीस पावसाळे चिखलात भात लावलं, भांडी राखेनं घासली आणि बाप गेल्यावर आठ वर्षं खालापूरकडे एका कारखान्यात बाटल्या धुतल्या. त्या बाटल्यांत कसलं औषध असायचं देव जाणे. तिची बोटं आता नव्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत आहेत. मुंबईला व्हिसाचे ठसे द्यायला तासभर लागला होता. तिथल्या मुलीनं कंटाळा न करता जेवढं उमटलं तेवढं घेतलं. विमानतळावर बोटाचं कुणी विचारलंच नाही. तिथल्या बाईनं चेहरा बघितला आणि शिक्का मारला. म्हणून मी गाफील राहिले.

चौथ्यांदा लाल दिवा लागला आणि आईनं आपल्या परीनं मार्ग काढला. गावात रेशनच्या दुकानात अंगठा आला नाही की बायका एक करतात. अंगठा केसांत घालून भांगावरून दोनदा चोळायचा. खोबरेल लागतं, कातडी ओलसर होते आणि कधीकधी यंत्र मानतं. दुकानदार स्वतःच सांगतो, "मावशे, जरा डोक्यावनं फिरव." आईनं तेच केलं. माझ्याकडे बघून, समजूतदारपणानं मान हलवून, बोट पदराखाली नेलं, केसांतून घसाघसा फिरवलं आणि त्या माणसाच्या यंत्राच्या काचेवर दाबून धरलं. जोर लावून.

काचेवर तेलाचा आणि मिश्रीचा तपकिरी फराटा उमटला.

त्यानं यंत्र असं मागे ओढलं की आईचा हात टेबलावर आपटला. तो आपल्या भाषेत दुसऱ्याला काही बोलला. दुसरा हसला नाही, पण त्यानंही नाक वळवलं. मग माझ्याकडे बघून तरुण इंग्रजीत म्हणाला, "हिनं बोटाला काय लावलं? ठसा लपवायला लावलं का?"

मी काय सांगणार? "हेअर ऑइल, सर," म्हटलं. "रेशन शॉप, सर." रेशन शॉप! हे शब्द तिथं बोलून काय उपयोग होता कोण जाणे. मी रोज कर्जतच्या बाजारात शेकडो माणसांवर आवाज चढवणारी बाई, आणि तिथं दर वाक्याला दोनदा सर म्हणत होते. त्या ‘सर’ची आठवण आली की अजून तोंड कडू होतं.

त्यानं खिशातून निळे हातमोजे काढले. एकेक बोट सावकाश घालत, मनगटावर रबर टचकन सोडत घातले. एका कागदानं काच पुसली, कागद चुरगाळून दुसऱ्याच्या हातातल्या पिशवीत टाकला. मग आईचं ते बोट दोन बोटांच्या चिमटीत धरलं. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकतात, तसं. काचेवर ठेवलं. लाल दिवा. सोडलं.

"तुम्हाला खाली उतरावं लागेल," तो म्हणाला.

"काय म्हनतोय गं?" आईनं विचारलं.

"उतरायचंय."

"आलं ठेसन?" ती हरखली आणि गोधडी छातीशी धरून उठली.

डब्यातल्या कुणी काही बोललं नाही. कुणी बोलावं अशी माझीही अपेक्षा नव्हती, पण निदान बघावं तरी. आम्ही वाटेनं निघालो तशा माणसांनी पिशव्या आत ओढल्या, पाय आत घेतले. वाट देत होते असं कुणी म्हणेल. पेपरवाल्या म्हाताऱ्यानं पान उलटलं. आम्ही फलाटावर उतरलो आणि पाच मिनिटांत गाडी निघून गेली. आईला तेव्हा कळलं की हे बहिणीचं गाव नव्हे.

स्टेशनातल्या खोलीत दोन खुर्च्या होत्या आणि एक लांब टेबल. आमची बॅग त्या टेबलावर ओतली. भाजणीचं पीठ, डिंकाचे लाडू, बाळाच्या कानटोप्या, बहिणीसाठी सुंठ, आईची दोन लुगडी. सगळं हातमोज्यांनी उचलून, उलटून, बाजूला ठेवलं. मिश्रीची डबी सापडली तेव्हा खोलीत जरा उत्साह आला. काळी पूड! त्यानं डबी हात लांब करून धरली, वास घेतला आणि मान झटकली. मी म्हटलं, "टोबॅको, सर, फॉर टीथ." त्याला पटेना. शेवटी मी, पंचेचाळीस वर्षांची बाई, त्या खोलीच्या मधोमध उभी राहून रिकाम्या बोटानं दात घासून दाखवले. दोघेही बघत होते. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

गोधडी आईनं सोडली नाही. त्यानं हात पुढे केला तर तिनं मान हलवली, नाही. मी म्हटलं, "दे गं, बघून परत देतील."

"ते हातमोजं लाडवाला लावलं, मिश्रीला लावलं," आई म्हणाली. "तेच बाळाच्या गोधडीला नाय लावू द्यायची."

हे मी त्याला इंग्रजीत सांगितलं नाही. हिंमत झाली नाही. त्यानं गोधडी घेतली, शिवणीवरून बोटं दाबत नेली, चारी कोपरे चुरगाळले आणि टेबलावर लाडवांच्या चुऱ्यात टाकली. मग दोघे कागदपत्रं घेऊन बाहेर गेले. दाराला बाहेरून कडी लावली की नाही ते कळलं नाही. आम्ही काही उठून बघितलं नाही.

मी बहिणीला फोन केला. ती घुगऱ्या शिजवत होती. "ताई, कुठवर आलात?" म्हणाली. सांगितल्यावर आधी रडली, मग त्या पोलिसांना आमच्या गावच्या भाषेत सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिव्या घातल्या. आईला ऐकू गेल्या. ती म्हणाली, "तिला सांग, ओली बाळंतीण हाय, एवढं वरडू नको. आन माज्यासाठी खोळंबू नका. टाका बाळाला पाळन्यात." असं म्हणून तिनं गोधडी उचलली आणि एकेक कण वेचून काढायला लागली.

फोन ठेवल्यावर माझं तोंड सुटलं. हे लोक माणसं आहेत का? म्हातारी बाई दिसत नाही का यांना? बोट येत नाही म्हणजे गुन्हा आहे का? रेषा झिजल्या त्या काय चोरी करून झिजल्या? आणि यांना म्हणे पुढारलेले देश म्हणायचं! मी बरंच काही बोलले. आई चुरा वेचत होती.

मग ती म्हणाली, "त्याचं काम हाय ते. तू पन तसंच करतीस की."

मी म्हटलं, "मी काय केलं?"

"ती वाडीवरची बाई. मी तुझा डबा घेऊन आल्ते तवा."

इथं मला माझं काम सांगायला हवं. कर्जतला एका खाजगी केंद्रात मी बसते. दाखले, अर्ज, ओळखपत्राची कामं, अंगठे. लग्न होऊन भिसेगावला आले त्यानंतर दोनेक वर्षांत लागले, ती अजून तिथंच. बोटांचं यंत्र माझ्याच टेबलावर. ‘बोट येत नाही, परत ये’ हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हणते याचा हिशेब नाही. बोट न येणारे कोण असतात तेही ठरलेलं आहे. वीटभट्टीवरचे, लाकडं जाळून कोळसा पाडणारे, भातात राबणारे. कळंबकडच्या डोंगरातल्या वाड्यांवरून येणाऱ्या बायका. त्या पहाटे निघतात, टेंपोत बसून येतात, आणि माझ्यापुढे हात पसरून उभ्या राहतात. त्यांच्या हाताला माती असते, सरपणाचा डिंक असतो, धुराचा वास असतो. यंत्राची काच पुसायला माझ्याकडे एक पिवळं फडकं असतं. ते फडकं मी माझ्या बोटांभोवती धरायचे आणि मग त्यांचं बोट काचेवर दाबायचे. आपलं कातडं त्यांच्या कातड्याला लागू नये म्हणून. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बायकांना मी ‘ठेव गं, नीट ठेव, दाब’ असं म्हणायचे. आणि नाक आवळायचे. जराशीच. दिसत नसेल असं मला वाटायचं.

आई जिच्याबद्दल म्हणत होती, ती बाई तीनदा आली होती. पहिल्यांदा बोट आलं नाही. फडक्यात धरून चार वेळा दाबलं, मग म्हटलं, "हात घाण आहेत तुझे. स्वच्छ धुऊन ये." रागावून नाही, घाईत म्हटलं. रांग होती. दुसऱ्यांदा आली तेव्हा यंत्र बंद होतं. तिसऱ्यांदा आली त्या दिवशी आई काही कामानं कर्जतला आली होती आणि माझा डबा घेऊन केंद्रात बाकावर बसली होती. त्या बाईनं हात पुढे केला. दहाही बोटांची टोकं लालभडक, सोललेली. ओढ्याच्या दगडावर घासून आणली होती. एका बोटातून पाणी सुटत होतं. "धुतल्यात ताई," ती म्हणाली. "आता येतील."

मी तिच्यावर ओरडले. अगं, घासून होत्या त्या रेषापण घालवल्यास, अक्कल आहे का तुला, आता महिनाभर येऊ नकोस. फडकं टाकून दिलं, कारण त्याला ते पाणी लागलं होतं. ती बाई गेली. महिन्यानं आली नाही. नंतरही आली नाही. मी चौकशी केली नाही. संध्याकाळी मी तिचा चेहराही विसरले होते.

आई विसरली नव्हती. एवढी वर्षं तिनं त्यावर एक अक्षर काढलं नाही, आणि काढलं ते त्या खोलीत. टोमणा म्हणून नाही. तिला वाटलं, त्या पोलिसावर मी उगाच चिडतेय, त्याचं काम मला तरी समजायला हवं.

मी वाकून तिच्याबरोबर चुरा वेचायला लागले. 

बारा वाजून गेल्यावर एक वयस्कर अधिकारी बाई आली. तिनं हातमोजे घातले नव्हते. पासपोर्टातला फोटो आणि आईचा चेहरा बघितला, हनुवटीवरचं गोंदण बघितलं, बहिणीच्या घरी फोन लावला, आमच्या कागदांबद्दल कुणाला तरी काही विचारलं. अर्ध्या तासात आटोपलं. मग एक कागद पुढे केला आणि मला विचारलं, यांना सही येते का?

आई चौथी शिकलेली. तिनं पेन घेतलं आणि सावकाश, ओठ दाबून, आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं लिहिलं. शेवटी वर रेघ ओढली. बाईनं मान डोलावली. झालं.

फलाटावर आल्यावर आई म्हणाली, "सही चालत व्हती त मगाच का नाय घेतली?"

दीड तासानं पुढची गाडी मिळाली. त्या गाडीत कुणी काही तपासलं नाही. आईनं मांडी घातली नाही, पाय खाली सोडून, हात गोधडीखाली लपवून बसली. लाडू देऊ का विचारलं तर नको म्हणाली. तिकीट तपासणारा आला तरी तिनं हात बाहेर काढला नाही, मला खुणावलं, तू दाखव.

चारच्या सुमाराला पोचलो. जावई स्टेशनावर आला होता, अपराध्यासारखा. घरी पाहुणे जेवून निघून गेले होते. फुगे होते, पाळणा सजवलेला होता, आणि पाळणा रिकामा होता. बहिणीनं बाळाला पाळण्यात टाकू दिलंच नव्हतं. सासरची माणसं समजूत घालून थकली, म्हणे. ती दारातच बाळाला घेऊन उभी होती. "घे, तुझी वाट बघत बसलीय," ती आईला म्हणाली आणि बाळ पुढे केलं.

आईनं हात मागे घेतले.

"हात धुते आधी," ती म्हणाली.

बहिणीनं स्वयंपाकघर दाखवलं. नळाचा आवाज आला. आम्ही थांबलो. गोधडी मी पाळण्यात अंथरली, सुरकुत्या काढल्या. नळाचा आवाज चालूच. बाळ कुरकुरायला लागलं. बहीण म्हणाली, "काय करतेय एवढा वेळ? बघ गं ताई."

मी आत गेले. आई बेसिनपाशी उभी होती. पातेली घासायचा तारेचा चोथा तिच्या डाव्या हातात होता आणि उजव्या हाताची बोटं ती एकेक करून घासत होती. पहिलं बोट पुढून लालबुंद झालं होतं. नखाकडेचं काळं तसंच होतं.

"आई, पुरे," मी म्हटलं. "बाळाला घ्यायला एवढं नाही लागत."

"बाळासाठी नाय गं," ती चोथा न थांबवता म्हणाली. "जाताना परत बघतील ना? तवा तरी यायला पायजे."

घासून रेषा जातात, येत नाहीत. हे मला चांगलं ठाऊक आहे, मी एकीला ओरडून सांगितलं होतं.